नाताळाच्या दिवसांत ब्लूग्रास आणि कंट्री कसं ऐकावं

ब्लूग्रास या अमेरिकी ग्रामीण संगीतप्रकारातलं सगळ्यांत लाडकं नाताळगीत एका इंजिनिअरनं लिहिलेलं आहे. टेक्स लोगन हा मूळचा टेक्ससचा फिडलवादक. पुढे त्यानं कोलंबिया विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली, बेल लॅब्जमध्ये नोकरी धरली आणि आवाजाला कृत्रिम घुमारा कसा द्यायचा यावर मॅनफ्रेड श्रोडर यांच्यासोबत १९६१ मध्ये निबंध लिहिला. आज स्टुडिओत वापरला जाणारा डिजिटल रिव्हर्ब त्याच कामातून वाढत आला. या लोगनचं ‘ख्रिसमस टाइम्स अ-कमिन’ ब्लूग्रासचे गायक-मँडोलिनवादक बिल मन्रो यांनी १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये ध्वनिमुद्रित केलं. सांता आणि रेनडिअर यांचा त्यात पत्ता नाही. बर्फ पडतोय, घंटा वाजताहेत, जुनं घर बोलावतंय आणि गाणारा तिकडे निघालाय, एवढाच विषय.

हे घर आहे अ‍ॅपलाचिया डोंगररांगांत आणि आसपासच्या दक्षिणेत: केंटकी, व्हर्जिनिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना. तिथली शेती तुटपुंजी होती, कोळशाच्या खाणी माणसं खात होत्या. म्हणून विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत हजारो कुटुंबं डेट्रॉइट, सिनसिनाटी, बाल्टिमोर अशा शहरांत कारखान्यांत कामाला गेली. खुद्द मन्रो तरुणपणी केंटकीतून इंडियानात जाऊन तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपं हलवत होते. वर्षभर राबायचं आणि डिसेंबरात गाव गाठायचं. गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याला ही ओढ वेगळी समजावून सांगायला नको. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही गाणी सजावटीला लावायची गाणी नाहीत. घरापासून लांब राहिलेल्यांनी ती रचली आहेत आणि त्याच कानानं ऐकली तर ती उलगडतात. कशी, ते क्रमानं सांगतो.

आधी दोन प्रवाह ओळखा

ब्लूग्रासचं वाद्यवृंद ठरलेलं असतं: पाच तारांचा बँजो, मँडोलिन, फिडल म्हणजे व्हायोलिन, गिटार आणि उभा बास. कधी सोबत डोब्रो, म्हणजे मांडीवर किंवा पट्ट्यानं आडवी धरून लोखंडी पट्टी सरकवत वाजवायची गिटार. मूळ पद्धतीत ड्रम नाहीत, विजेवर चालणारं वाद्य नाही. मन्रोंच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वृंदावरून प्रकाराला नाव पडलं. १९४५ च्या डिसेंबरमध्ये अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन या वृंदात आला, आणि त्याच्या तीन बोटांच्या वेगवान वादनानं आज आपण जे ब्लूग्रास म्हणून ओळखतो ते उभं राहिलं.

कंट्री हे त्याहून पसरट घर. त्यात टेक्ससच्या दारूगुत्त्यांतलं हॉन्की-टॉंक येतं, सिनेमातले गाणारे काउबॉय येतात, आणि १९५० च्या दशकाअखेर नॅशव्हिलच्या स्टुडिओंत घडलेला, एकट्या गावरान फिडलऐवजी व्हायोलिनांचा ताफा आणि मागे मंद कोरस आणणारा गुळगुळीत बाजही येतो. ओळखायची खूण म्हणजे स्टील गिटार. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी न तोडता सरकत जातो. जुन्या हिंदी गाण्यांच्या हवाईयन गिटारवरच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना तो आवाज लगेच ओळखू येईल. दोन्हींचं मूळ हवाई बेटांवरच आहे.

एक सोपी कसोटी: ताल कुठून येतोय ते पाहा. ड्रमवरून येत असेल तर बहुधा कंट्री. मँडोलिनच्या ‘चक्, चक्’ अशा कोरड्या आघातावरून येत असेल तर ब्लूग्रास.

सुरुवातीला थोडीच गाणी घ्या

कोणत्याही अ‍ॅपवर ‘कंट्री ख्रिसमस’ असं शोधलं की शंभर-शंभर गाण्यांच्या याद्या समोर येतात. त्यांतलं बरंचसं काउबॉय टोपी घातलेलं पॉप असतं. तिथून सुरुवात करू नका. गायकाचं नाव आणि वर्ष टाकून शोधा, कारण जुन्या कलाकारांनी आपलीच गाणी पुढे नव्या कंपन्यांसाठी पुन्हा गायलेली असतात आणि अ‍ॅप बऱ्याचदा ती नंतरची, फिकी आवृत्ती पुढे करतं. मी पहिल्या आठवड्यासाठी ही सुचवेन:

- बिल मन्रो, ‘ख्रिसमस टाइम्स अ-कमिन’ (१९५१)
- जीन ऑट्री, ‘हिअर कम्स सांता क्लॉज’ (१९४७)
- अर्नेस्ट टब, ‘ब्लू ख्रिसमस’ (१९४९)
- ब्रेंडा ली, ‘रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री’ (१९५८)
- मर्ल हॅगर्ड, ‘इफ वी मेक इट थ्रू डिसेंबर’ (१९७३)
- एमिलू हॅरिसचा ‘लाइट ऑफ द स्टेबल’ हा अख्खा अल्बम (१९७९)
- पॅटी लव्हलेसचा ‘ब्लूग्रास अँड व्हाइट स्नो’ (२००२)

ऑट्री हा पडद्यावरचा गाणारा काउबॉय. १९४६ मध्ये हॉलिवूडच्या नाताळ मिरवणुकीत तो घोड्यावरून चालला होता. मागे सांताची गाडी होती आणि रस्त्यावरची मुलं सांता आला, सांता आला म्हणून ओरडत होती. त्यातून ते गाणं सुचलं. १९४९ मध्ये त्यानंच ‘रुडॉल्फ’ गायलं. आपल्याकडच्या इंग्रजी शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुलं जे लाल नाकाच्या रेनडिअरचं गाणं म्हणतात, ते पहिल्यांदा घराघरांत पोचवलं या कंट्री गायकानं. मुलांना इथून आत आणावं.

ब्रेंडा लीचं गाणं ऐकताना एक लक्षात ठेवा: ती तेव्हा तेरा वर्षांची होती. नॅशव्हिलमध्ये ओवेन ब्रॅडली यांनी ते ध्वनिमुद्रित केलं आणि तब्बल ६५ वर्षांनी, २०२३ च्या डिसेंबरमध्ये, ते अमेरिकेच्या मुख्य लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

पॅटी लव्हलेस पूर्व केंटकीतल्या पाइकव्हिलची, खाणकामगाराची मुलगी. तिच्या अल्बममध्ये ‘सांता ट्रेन’ नावाचं गाणं आहे आणि ती आगगाडी खरी आहे. १९४३ पासून दर नोव्हेंबरात केंटकीतल्या कोळसापट्ट्यातून टेनेसीतल्या किंग्जपोर्टपर्यंत ती धावते आणि वाटेतल्या वस्त्यांवर मुलांना भेटवस्तू वाटत जाते. खाणी बंद पडलेल्या गावांत लोक अजूनही रुळांकडेला थंडीत उभे राहून तिची वाट पाहतात. हे ठाऊक असलं की गाण्यातल्या शिट्टीचा अर्थच बदलतो.

एकच गाणं, पुन्हा पुन्हा

मन्रोंचं गाणं घ्या. जेमतेम अडीच-तीन मिनिटांचं आहे. हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही. उभ्या बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते आणि तेवढ्या छोट्या स्पीकरची तिथवर पोच नसते.

पहिल्या वेळी फक्त बास ऐका. चार मात्रांत पहिली आणि तिसरी. दुसऱ्या वेळी मँडोलिन: दुसरी आणि चौथी, तारा लगेच दाबून टाकलेल्या, त्यामुळे सूर न उमटता नुसता आघात. या दोघांनी मिळून ड्रमची जागा भरून काढली आहे. एकदा हे कानाला सापडलं की कुठल्याही ब्लूग्रास गाण्यात पाय आपोआप बरोबर जागी पडतो.

मग फिडल ऐका. ही मंडळी अनेकदा एकाच वेळी दोन तारांवर गज फिरवतात, एका तारेवर चाल आणि शेजारच्या मोकळ्या तारेवर अखंड आधारस्वर. त्यातून तो डोंगरातला, किंचित खरखरीत, भरलेला आवाज येतो. शेवटी गळा ऐका. मन्रो मुद्दाम उंच पट्टीत गातात. पांढरी सात ही त्यांची आवडती पट्टी, पुरुषी गळ्याला ताण देणारी, आणि तो ताण त्यांना हवाच असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा आवाज बोचरा वाटतो. तरी थांबा, सोडून देऊ नका. एमिलू हॅरिसनं ‘लाइट ऑफ द स्टेबल’मध्ये हेच गाणं गायलंय आणि लव्हलेसनंही. आधी लव्हलेस, मग एमिलू आणि मग परत मन्रो असा उलटा प्रवास केला, तर त्या उंच आवाजाची गोडी लवकर लागते.

हिंदुस्थानी संगीताचा कान असलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. बँजोवादक बेला फ्लेक यांनी २००८ मध्ये ‘जिंगल ऑल द वे’ हा नाताळाच्या चालींचा अल्बम केला. नेहमीच्या चाली लयीत उलटसुलट करून, मध्येच दक्षिण सायबेरियातल्या तुवा प्रांतातले, एकाच वेळी दोन सूर काढणारे कंठगायक आणून. त्याला ग्रॅमी मिळालं. हेच फ्लेक पुढे आपल्या झाकिर हुसेन, राकेश चौरसिया आणि बासवादक एडगर मेयर यांच्यासोबत ‘अ‍ॅज वी स्पीक’मध्ये वाजवतात आणि २०२४ मध्ये या चौघांना दोन ग्रॅमी मिळाली. तबल्याच्या आणि बासरीच्या ओळखीच्या आवाजाशेजारी बँजो ऐकला, की तो परका राहत नाही. तिथून त्यांच्या नाताळाकडे जावं.

‘ब्लू ख्रिसमस’ तीन गळ्यांत

हा अर्ध्या तासाचा अभ्यास कुणीही करावा. तू नसशील तर माझा नाताळ उदास जाईल, एवढंच सांगणारं हे गाणं.

१९४९ मध्ये अर्नेस्ट टबनं ते गाजवलं. टबचा सूर अनेकदा किंचित खाली लागतो, आवाजात गोडवा कमी आणि प्रामाणिकपणा जास्त. कामावरून सुटलेला माणूस गुत्त्यात ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून जे ऐकेल ते हे. १९५७ मध्ये एल्विस प्रेस्ली आला. त्यानं शब्द चावून, हसत, ठेक्यावर झुलत गायलं आणि मागे मिली किर्कहॅमचा तो उंच, घसरणारा ‘ऊ-ऊ’ आला. दुःखाचं गाणं खेळकर झालं. १९६३ मध्ये जिम रीव्ह्जनं मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन, जवळजवळ कुजबुजत ते म्हटलं. त्याचा माणूस रडत नाही, खेळतही नाही. त्यानं हे दुःख स्वीकारलंय.

तिन्ही लागोपाठ ऐका आणि मग ठरवा कुठलं खरं वाटतं. माझं मत टबच्या बाजूनं आहे. गाण्यातला माणूस एकटा आहे हे फक्त त्याच्याच आवाजात पटतं.

जिम रीव्ह्ज: आपल्या किनाऱ्यावरचा पाहुणा

रीव्ह्जबद्दल वेगळं लिहायलाच हवं. टेक्ससचा हा गायक १९६४ च्या ३१ जुलैला स्वतःचं छोटं विमान चालवत असताना नॅशव्हिलजवळ अपघातात गेला. त्याच्या आदल्या वर्षी त्याचा ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’ निघाला होता. अमेरिकेत आज नवी पिढी त्याला फारशी ओळखत नाही. पण गोव्यात, वांद्र्यात, केरळात, ईशान्येकडे नाताळ म्हणजे जिम रीव्ह्ज असं समीकरण आहे. घरी करंज्या-नेवऱ्या तळल्या जात असताना, दोदोल ढवळला जात असताना मागे ‘अ‍ॅन ओल्ड ख्रिसमस कार्ड’ चालू असणं हे कित्येक घरांतलं साधं चित्र आहे. अनेक मराठी माणसांनी कंट्री संगीत नकळत पहिल्यांदा ऐकलं असेल ते शेजारच्या डिसोझांच्या खिडकीतून, आणि ते कंट्री आहे हे त्यांना ठाऊकही नसेल.

इतका तो इथे का रुजला असेल? मला वाटतं, त्याचे उच्चार. प्रत्येक शब्द स्वच्छ, लय सावकाश, सूर गुळगुळीत. इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या माणसालाही सोबत गाता येतं. हा अल्बम सुट्या गाण्यांत तोडून ऐकू नका. आधी घरगुती आणि हलकी गाणी, शेवटाकडे ‘ओ कम ऑल ये फेथफुल’ आणि ‘सायलेंट नाइट’. स्वयंपाकघरातून चर्चकडे जाणारा असा तो क्रम आहे. २४ तारखेच्या संध्याकाळी, मध्यरात्रीच्या मिस्साला निघण्याआधी, तो सलग लावावा. अर्धा-पाऊण तास पुरतो.

उदास गाणी वगळू नका

सणात रडकी गाणी कशाला, असं म्हणून लोक हॅगर्डला यादीतून काढतात. कंट्रीचा गाभाच मग हातातून जातो.

‘इफ वी मेक इट थ्रू डिसेंबर’मधल्या बापाला कारखान्यातून कमी केलंय. मुलीला नाताळ का नाही हे कसं सांगायचं हा त्याचा प्रश्न. हा महिना एकदा निघाला की सगळं ठीक होईल, असं तो स्वतःला बजावत राहतो. चाल मात्र हलकी आहे, गिटार अलगद चालते. गाणं आलं १९७३ च्या हिवाळ्यात, तेलसंकट नुकतं सुरू झालेलं असताना, आणि कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. लाखो घरांत तोच प्रश्न होता.

विली नेल्सनचं ‘प्रीटी पेपर’ही असंच. टेक्ससमधल्या फोर्ट वर्थ शहरात एका दुकानाबाहेर पायांनी अधू असलेला एक माणूस रंगीत कागद आणि पेन्सिली विकत बसायचा. नेल्सनच्या मनात तो राहिला. गाण्यात लोक हसत-खिदळत त्याच्याजवळून पुढे जातात, एवढंच घडतं. १९६३ मध्ये रॉय ऑर्बिसननं ते पहिल्यांदा गायलं, १९७९ मध्ये नेल्सननं स्वतःच्या अल्बमला तेच नाव दिलं. ऑर्बिसनच्या आवाजात ते भव्य होतं. नेल्सनच्या आवाजात फुटपाथवर राहतं. दुसरं जास्त लागतं.

डॉली पार्टनचं ‘हार्ड कँडी ख्रिसमस’ (१९८२) हे मुळात एका नाटकातलं गाणं, नाताळगीत म्हणून लिहिलेलंही नव्हतं. भेटीत साखरेच्या गोळ्यांपलीकडे काही परवडत नाही असा तो नाताळ. टेनेसीच्या डोंगरात बारा भावंडांत वाढलेल्या बाईच्या तोंडी ते शोभतं.

ही तीन गाणी पाहुण्यांच्या गर्दीत लावू नयेत. रात्री भांडी आवरून झाल्यावर, दिवे कमी करून, एकामागून एक ऐकावीत.

भक्तीची गाणी आणि चार गळे

ब्लूग्रासमधल्या भक्तिगीतांत वाद्यं मागे सरतात. मन्रो भक्तिगीत गायचे तेव्हा बहुतेक वेळा फक्त मँडोलिन आणि गिटार ठेवून चौघे गात. मुख्य चाल मधल्या आवाजाकडे, तिच्यावर उंच टेनर, खाली दोन आवाज. त्यामुळे ऐकताना मुख्य चालीला सोडून एकदा फक्त वरच्या आवाजामागे जा. तो चालीच्या डोक्यावरून कसा चालतो हे कळलं, की ब्लूग्रासचा अर्धा चटका समजला.

यासाठी ‘ब्यूटिफुल स्टार ऑफ बेथलेहेम’ घ्यावं. टेनेसीतले दूधवाले शेतकरी आर. फिशर बॉइस यांनी ते रचलं. घरात पोरांचा गलका होता म्हणून ते गोठ्यात जाऊन बसले आणि तिथे लिहिलं, असं सांगतात. एमिलू हॅरिस, लव्हलेस आणि रोंडा व्हिन्सेंट या तिघींनी ते गायलंय. व्हिन्सेंटच्या २००६ च्या नाताळ अल्बमचं नावच त्यावरून आहे.

त्याहून मागे जायचं असेल तर ‘आय वंडर अ‍ॅज आय वांडर’कडे जा. १९३३ च्या जुलैत नॉर्थ कॅरोलायनातल्या मर्फी गावात जॉन जेकब नाइल्स या गीतसंग्राहकानं अ‍ॅनी मॉर्गन नावाच्या गरीब मुलीला काही ओळी गाताना ऐकलं. दर वेळी पाव डॉलर देऊन त्यानं तिच्याकडून त्या पुन्हा पुन्हा गाऊन घेतल्या आणि त्यांवर पुढचं गाणं रचलं. केंटकीच्या जीन रिची यांचा ‘कॅरल्स फॉर ऑल सीझन्स’ (१९५९) मिळाला तर जरूर ऐका. त्यांच्या डल्सिमर या मांडीवर ठेवून वाजवायच्या तारवाद्यासोबतच्या साध्या, न सजवलेल्या गळ्यात ब्लूग्रासच्याही आधीचा डोंगर ऐकू येतो.

२५ ला थांबू नका

इथे मला आग्रहानं सांगायचंय. शहरातला नाताळ २५ च्या रात्री संपतो, दुकानं दुसऱ्या दिवशी झाडं उतरवतात. डोंगरातला नाताळ तिथून सुरू व्हायचा.

इंग्रजांनी १७५२ मध्ये पंचांग बदललं आणि अकरा दिवस गाळले. डोंगरात स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांनी ही सुधारणा मनावर घेतली नाही. त्यांचा ‘जुना नाताळ’ जानेवारीच्या पाच-सहा तारखेलाच राहिला. त्या रात्री बारा वाजता गोठ्यातली गुरं गुडघे टेकतात, अशी श्रद्धा होती. ‘चेरी ट्री कॅरल’ या जुन्या गीताच्या केंटकीतल्या पाठांत गर्भातला येशू स्वतःची जन्मतारीख सांगतो, ती हीच जानेवारीतली. एका गाण्यात पंचांगाचा अख्खा वाद जपून राहिलाय.

नॉर्थ कॅरोलायनातल्या माउंट एअरीच्या आणि पलीकडच्या व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सच्या परिसरात २५ डिसेंबरपासून जुन्या नाताळापर्यंत लोक रोज वेगळ्या घरी जमायचे. खोलीतलं सामान बाहेर काढायचं, एका कोपऱ्यात फिडल आणि बँजो, आणि रात्रभर नाच. याला ‘ब्रेकिंग अप ख्रिसमस’ म्हणत आणि याच नावाची फिडलची धून आहे. टॉमी जॅरेल (१९०१-१९८५) यांच्या वादनात ती ऐका. हा माणूस राज्याच्या रस्तेखात्यात ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवायचा आणि निवृत्तीनंतर देशभरची तरुण मुलं त्याच्या घरी येऊन, राहून शिकायची. १९८२ मध्ये देशाचा पहिला राष्ट्रीय वारसा सन्मान ज्या कलाकारांना दिला गेला त्यांत तो होता. धून साधी आहे आणि दहा मिनिटं तीच वाजते. बसून ऐकली तर कंटाळा येईल. ती पायांसाठी आहे. २६ ते ३१ मधल्या एका रात्री घरातलं टीपॉय बाजूला सारून लावून पाहा.

आणि ६ जानेवारी गोव्याला परकी नाही. रेइश मागुश, चांदर, कांसावली इथे तीन राजांचं फेस्त त्याच दिवशी भरतं. त्या संध्याकाळी जीन रिचींचा तो अल्बम लावायला यासारखं दुसरं निमित्त नाही.

रेडिओ आणि घड्याळ

ध्वनिमुद्रणं कितीही चांगली असली तरी थेट प्रक्षेपणाची लज्जत वेगळी. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम स्टेशनवर २८ नोव्हेंबर १९२५ ला जो कार्यक्रम सुरू झाला तो आज ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणून ओळखला जातो आणि अजून चालू आहे. इंटरनेटवर फुकट ऐकता येतो. हिवाळ्यात नॅशव्हिल आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. तिथल्या शनिवारी संध्याकाळी ७ चा प्रयोग म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी ६.३०. चहा ठेवा आणि लावा. डिसेंबरात कलाकार मध्ये मध्ये नाताळगीतं घेतात. प्रयोगाचं वेळापत्रक त्यांच्या संकेतस्थळावर आधी पाहून ठेवा.

माउंट एअरीचं डब्ल्यूपीएक्यू हे छोटं स्टेशन मला जास्त जवळचं वाटतं. १९४८ पासून शनिवारी स्थानिक वादकांना बसवून ते थेट कार्यक्रम करतं. तिथे दिवस असतो तेव्हा आपल्याकडे शनिवारची रात्र.

घरी वाजवायचं असेल तर

गिटार येत असेल तर तीन कॉर्ड पुरतात: जी, सी आणि डी. म्हणजे पट्टी पांढरी पाच. उंच गायचं असेल तर कॅपो दुसऱ्या पडद्यावर लावा, पांढरी सहा मिळेल. बोटं तीच राहतात.

‘सायलेंट नाइट’पासून सुरुवात करा. हे गीत १८१८ च्या २४ डिसेंबरला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हाही साथीला गिटारच होती. तीन मात्रांचा ठेका: अंगठ्यानं खर्जाची जाड तार, मग दोन हलके फटकारे. कॉर्डचा क्रम असा: जी चार आवर्तनं, डी दोन, जी दोन, मग सी दोन, जी दोन, हेच पुन्हा एकदा, मग डी दोन, जी दोन, शेवटी जी एक, डी एक, जी दोन. एकूण चोवीस.

चार जण जमले तर गोल बसा. ब्लूग्रासच्या बैठकीचे अलिखित नियम पाळा, मजा वाढते. ज्याची पाळी त्यानं गाणं आणि पट्टी आधी मोठ्यानं सांगायची. कडव्यांमध्ये एकेकाला एकट्यानं चाल वाजवायची संधी. मुख्य माणूस मान हलवून पुढच्याला देतो. वाजवायचं नसेल तर मान हलवून नाही म्हणावं, कुणी वाईट मानत नाही. दुसरा गात असताना किंवा चाल वाजवत असताना बाकीच्यांनी आवाज इतका खाली आणायचा की त्याचा प्रत्येक सूर ऐकू यावा. नवशिक्यांचं बहुतेक इथेच चुकतं. शेवट करायचा तेव्हा मुख्य माणूस पाय उचलून दाखवतो.

बँजो आणि उभा बास आपल्याकडे सहज मिळत नाहीत. नसले तरी चालतं. गोव्यातल्या कित्येक घरांत पॅरिश शाळांच्या परंपरेतून आलेलं व्हायोलिन असतं. गिटार आणि व्हायोलिन एवढ्यावर ‘ब्रेकिंग अप ख्रिसमस’ उभं राहतं. एखाद्यानं टेबलावर दुसऱ्या-चौथ्या मात्रेला बोटांनी टिचक्या मारल्या की मँडोलिनचंही काम झालं.

अमेरिकेत असाल तर

शार्लट, रॅली, अटलांटा इथल्या मराठी मंडळींना हे संगीत हाकेच्या अंतरावर आहे आणि बहुतेक जण तिथे जात नाहीत. शार्लटहून माउंट एअरी दीड-दोन तासांवर. व्हर्जिनियातल्या फ्लॉइड गावात एका जुन्या किराणा दुकानात दर शुक्रवारी रात्री ‘जॅम्बोरी’ भरते. आधी भक्तिगीतं, मग नाच. लहान मुलांपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे लाकडी जमिनीवर टाचा आपटत असतात आणि नवख्याला हात धरून ओढतात. नॅशव्हिलमध्ये रायमन हे जुनं सभागृह पाहाच. पण एकच संध्याकाळ असेल आणि ती रविवारची असेल, तर ‘स्टेशन इन’ला जा. तिथे रविवारी खुली ब्लूग्रास बैठक असते, वाद्य घेऊन कुणीही जाऊ शकतं. नाताळाच्या आठवड्यात जायचं असेल तर आधी फोन करून चालू आहे ना विचारा. वाद्य असेल तर सुरात लावूनच आत शिरा, पहिली दोन-तीन गाणी बाहेरच्या कड्यात उभं राहून नुसता ठेका धरा, आणि कुणी तुमच्याकडे पाहून मान हलवली तर ‘सायलेंट नाइट, जी’ एवढं सांगा.